वाईट नाही

रविवारी दुपारी पावणेबारा वाजता ग्लेनिस प्रॉसरने ग्रेव्हीच्या पातेल्यात वाटीभर साखर ओतली. हे चुकून झालं नव्हतं. तिने डबा उघडला, त्यावरचं लेबल वाचलं, वाटी भरली, ओतली, आणि साखर विरघळेपर्यंत ती पातेलं ढवळत राहिली. मग झाकण ठेवलं आणि हात पुसले. हात पुसून झाल्यावरही ती पुसतच होती.

आधी तिच्या मनात मीठ होतं. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी नॉर्मन गफला रक्तदाब होता आणि मिसेस पर्विसचे पाय सुजायचे. साखरेने एका जेवणात कुणाचं काही बिघडत नाही.

फेब्रुवारीत तिला ताप आला होता. आठवड्याभराने उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. आधी वास गेला, मग त्याच्यामागून चवही. आता जिभेला गरम-गार कळायचं, मऊ-खरखरीत कळायचं. खारट, गोड, आंबट हे नुसते शब्द उरले होते. हे तिने कुणाला सांगितलं नाही. थ्री टप्स पबमधल्या स्वयंपाकिणीला चव कळत नाही ही बातमी मार्लहोपच्या खोऱ्यात मेंढ्यांच्या रोगापेक्षा वेगाने पसरली असती. नवऱ्यालाही, म्हणजे बारमागे उभ्या असणाऱ्या अ‍ॅल्विनलाही, तिने कळू दिलं नाही. हाताला चव असते म्हणतात. वीसेक वर्षं याच चुलीपुढे घालवलेल्या हातावर तिने भरवसा टाकला. मांस वजनावर, बटाटे रंगावर, चरबी तडतडण्याच्या आवाजावर. मीठ मात्र अंदाजावर.

आणि रविवारची टेबलं रिकामी राहू लागली. पूर्वी दुपारच्या जेवणाच्या दोन पंगती उठायच्या. आता एक उठते, तीही अर्धीमुर्धी. कुणाकडे पाहुणे आलेले असतात, कुणाचं पोट ठीक नसतं. मिसेस पर्विस एकदा नदीकाठच्या जुन्या गिरणीतल्या नव्या रेस्टॉरंटमधून बाहेर पडताना दिसल्या. ‘वाट चुकले होते,’ म्हणाल्या. चाळीस वर्षं त्याच गावात शाळा चालवलेली बाई.

जेवण कसं झालंय हे विचारायची सोय नव्हती असं नाही. विचारणं तर रोजचंच. अ‍ॅल्विन प्रत्येक टेबलापाशी जाऊन म्हणायचा, ‘सगळं ठीक ना?’ आणि प्रत्येक टेबल म्हणायचं, ‘छान.’ या खोऱ्यात बूट कडक भाजला आणि वाढला, तरी माणसं छानच म्हणतील. तक्रार करणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात मोठ्याने शिंकण्यासारखं. ज्याला आवडलं नाही तो ‘छान’ म्हणतो, पैसे देतो, दाराशी वळून ‘धन्यवाद हं’ म्हणतो आणि परत येत नाही. त्याहून वाईट असेल तर ‘वेगळं आहे’. आणि खरोखर उत्तम झालं असेल, घरी जाताना रस्ताभर आठवण येईल असं, तर ‘वाईट नाही’.

हा शेवटचा शब्द फारसा कुणी खर्चत नाही. नॉर्मन गफ खर्चायचा. लडलोच्या मेंढीबाजारात आयुष्यभर लिलाव पुकारलेला म्हातारा. कुठल्या जनावराला काय म्हणायचं आणि काय म्हणायचं नाही, यावरच त्याचं पोट चाललं होतं. दर रविवारी शेकोटीजवळच्या टेबलावर तो जेवायचा, पायाशी त्याचा कुत्रा मॉस, आणि उठताना स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकं घालून म्हणायचा, ‘वाईट नाही, ग्लेनिस.’ इतकंच. त्यावर तिचा आठवडा निघायचा.

मार्चपासून नॉर्मन ‘छान’ म्हणू लागला होता.

त्याचं ताट नेहमीसारखं लख्ख परत यायचं. ग्लेनिसने त्यावरच समाधान मानलं असतं. पण उन्हाळ्यात कुणीतरी बारवर हसत म्हणालं की मॉस अंगाने सुटत चाललाय, मेंढ्या वळायच्या सोडून आता त्याचीच लोकर कापून घ्यावी. तेव्हापासून लख्ख ताटही तिला खुपायला लागलं; ते नॉर्मन संपवतो की टेबलाखालचा मॉस?

गुरुवारी मिस्टर हॅलम आले. पबची इमारत ज्या बिअर कंपनीची, तिचे ते माणूस. सभ्य, मृदू बोलणारे. चहाचा कप दोन्ही हातांत धरणारे. त्यांनी सांगितलं ते असं, की कंपनीच्या इतर पबांत आता जेवण तयारच येतं. गोठवलेल्या पिशव्यांतून. फक्त गरम करायचं.

‘चव सगळीकडे सारखी राहते, मिसेस प्रॉसर. गिऱ्हाइकाला धक्का नको असतो. तुमचेही हात सुटतील.’

‘सुटून ते कुठे जातील?’ ग्लेनिसने विचारलं.

मिस्टर हॅलम हसले. सोमवारी सकाळी नऊ वाजता फोन करतो म्हणाले, तेव्हा हो की नाही ते सांगा. जबरदस्ती नाही.

ते गेल्यावर तिने अ‍ॅल्विनला विचारलं. तो ग्लास पुसत होता. ‘तू म्हणशील तसं,’ तो म्हणाला, आणि पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

तीन रात्री ग्लेनिस कुशीवर कूस बदलत राहिली. प्रश्न सरळ होता. हात अजून शाबूत असेल तर नाही म्हणायचं आणि चूल राखायची. हात गेला असेल तर हो म्हणायचं, पिशव्या कापायच्या आणि लोकांना निदान फसवायचं नाही. पण हात शाबूत आहे की नाही हे सांगणाऱ्या साऱ्या गावाच्या तोंडात एकच शब्द. तो शब्द खरा की खोटा, हे कळायला एकच मार्ग तिला दिसला. असं काही वाढायचं की कुणालाही छान म्हणता येऊ नये. कुणी एकाने जरी ताट सरकवलं, तोंड वाकडं केलं, ‘ग्लेनिस, हे काय गं’ म्हटलं, तर इतके महिने मिळालेला ‘छान’ खरा होता असं धरता येईल. आणि कुणीच काही बोललं नाही, तर त्या शब्दाला काही अर्थ नाही, आणि तिच्यापाशी दुसरा आधारही नाही.

म्हणून साखर.

साडेबाराला माणसं येऊ लागली. मिसेस पर्विस, त्यांच्या नेहमीच्या खिडकीशी. टेकड्या तुडवून आलेलं एक जोडपं, बर्मिंगहॅमकडचं, बूट दारात काढून मोज्यांवर आत आलेलं. शेतावरचं एक कुटुंब. नॉर्मन आणि मॉस. ग्लेनिसने ताटं भरली. मेंढीचं भाजलेलं मांस, बटाटे, गाजरं, फुगून कडा वर आलेली खारी पुडिंगं. ग्रेव्ही छोट्या चंबूंत ओतली आणि चंबू खिडकीच्या फळीवर ओळीने ठेवले. पलीकडून अ‍ॅल्विनचा हात येई आणि दोन-दोन उचलून नेई.

खिडकीतून तिला सगळा पब दिसत नव्हता. मिसेस पर्विसची पाठ, जोडप्यातल्या बाईचं अर्धं तोंड, नॉर्मनची टोपी आणि टेबलाखाली मॉसचे मागचे पाय, एवढंच. ती दर मिनिटाला खिडकीशी जायची, मग चुलीशी, मग पुन्हा खिडकीशी. बारमागची किटली सू सू करत तापली. जेवणाच्या मध्यावर कॉफी कुणाला हवी झाली, असं तिच्या मनात आलं आणि गेलं.

काट्याचमच्यांचा आवाज नेहमीसारखा होता. कुणी ताट सरकवलं नाही. जोडप्यातल्या बाईने बटाटा ग्रेव्हीत घोळवला, खाल्ला आणि पुन्हा घोळवला.

‘सगळं ठीक ना?’ अ‍ॅल्विनचा आवाज.

‘अगदी छान.’ मिसेस पर्विस. ‘नेहमीसारखंच.’

‘छान.’ जोडपं, एका सुरात.

‘छान, अ‍ॅल्विन. पोरांना अजून थोडी ग्रेव्ही मिळेल?’ शेतावरचं कुटुंब.

ग्लेनिसने फळी धरली. पोरांना तर गोड आवडणारच, तिने स्वतःला समजावलं. पण मोठी माणसं? तिच्या आईने हे पाहिलं असतं तर आधी कानाखाली वाजवली असती आणि मग विचारलं असतं की का केलंस. अन्न मुद्दाम नासवणाऱ्याची बाजू कोण घेणार?

मॉसचे पाय हलत नव्हते. तो झोपला होता. टेबलाखाली नॉर्मनचा हात एकदाही आला नाही.

दोनच्या सुमारास नॉर्मन उठला. टोपी नीट केली. काठी टेकत खिडकीपाशी आला आणि फेब्रुवारीनंतर प्रथमच त्याने डोकं आत घातलं.

‘वाईट नाही, ग्लेनिस,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘बहिरी झालीस का, पोरी? वाईट नाही म्हटलं. ग्रेव्ही खासकरून.’ आणि तो गेला, मॉस जांभई देत त्याच्यामागे.

ज्या शब्दासाठी तिने उन्हाळा काढला तो मिळाला होता. एक क्षण तिला बरंही वाटलं. मग साखर आठवली. ती पातेल्यापाशी गेली, उरलेली ग्रेव्ही चमच्याने उचलून जिभेवर ठेवली. गरम. दाट. बाकी काही नाही. तिने बोटांनी चोळून पाहिली. बोटं चिकट झाली. म्हणजे साखर त्यात होती. मग म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, की आजवरची तिची ग्रेव्ही साखरेच्या पाकाहून वाईट होती?

तीन वाजता पब दुपारपुरता बंद झाला. अ‍ॅल्विन कोळसा आणायला मागे गेला. ग्लेनिस चंबू गोळा करायला बारमागे आली. क्वचितच यायची ती तिकडे; स्वयंपाकघर तिचं, बार त्याचा, असा लग्नाइतकाच जुना करार होता. हात धुवायच्या छोट्या सिंकच्या जाळीवर तपकिरी साय धरली होती. शेजारी किटली, अजून कोमट. कुणी कॉफी घेतली नव्हती. कप सगळे कोरडे, हुकांना टांगलेले.

टॉनिकच्या बाटल्यांचं खोकं तिने पायाने सरकवलं. मागे ग्रेव्हीच्या दाण्यांचा डबा होता, दुकानात मिळतो तो, उकळतं पाणी घातलं की झालं. अर्धा रिकामा. त्याच्यामागे आणखी डबे, पूर्ण रिकामे, एकात एक बसवून ठेवलेले.

अ‍ॅल्विन बादली घेऊन आला तेव्हा डबा बारवर होता, जिथे तो गिऱ्हाइकापुढे ग्लास ठेवतो तिथे.

‘हे काय?’

त्याने बादली खाली ठेवली. ‘ते होय. कॉफी संपली तर असावं म्हणून.’

‘कॉफी संपली तर लोकांना ग्रेव्ही पाजणार होतास?’

त्याने डबा फिरवून लेबल भिंतीकडे केलं.

‘कधीपासून, अ‍ॅल्विन?’

‘मदरिंग संडेपासून.’ मार्चमधला तो रविवार, लेकरं आयांना बाहेर जेवायला नेतात तो. पब त्या दिवशी खच्चून भरला होता. ‘समुद्राचं पाणी होतं ते, ग्लेनिस. तीन टेबलं शेवटचं गोड पुडिंग न घेता उठली.’

पुडिंग न घेता उठणं म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं. या भागात याहून मोठी शिवी नाही.

‘तेव्हापासून थोडं पाणी घालायचो. थोडे दाणे. तुझीच असायची गं, मी नुसती सारखी करायचो. कधी जमायची, कधी नाही.’ त्याने काजळी लागलेले हात पँटला पुसले. ‘आज मात्र सगळी ओतून द्यावी लागली. तुझा मिठाचा आणि साखरेचा डबा बदललाय. मी सांगणारच होतो.’

‘कधी?’

‘आज ना उद्या.’

‘डबा बदललेला नाही. मीच घातली साखर. कुणीतरी बोलेल म्हणून.’

अ‍ॅल्विनने तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्याच्या ओठाचा कोपरा हलला. हसू होतं की काय ते त्यालाच ठाऊक. ‘मार्लहोपमध्ये?’ तो म्हणाला.

‘मला वास येत नाही. चवही नाही. फेब्रुवारीपासून.’

‘माहीत आहे.’

‘माहीत आहे?’

‘ते दूध. ईस्टरच्या आधीचं. नासून दही झालेलं, अख्ख्या घरात वास. तू चहात ओतलंस आणि प्यायलीस, माझ्यासमोर बसून.’

‘आणि तू बघत बसलास?’

‘नाही गं,’ अ‍ॅल्विन म्हणाला. ‘मीपण प्यायलो.’

ती स्टुलावर बसली. ताकाला जाऊन भांडं लपवणं एक वेळ समजतं. इथे दोघांनीही भांडं लपवलं होतं आणि दोघांनाही ते दिसत होतं. रागवायचं तर कशावर, हे तिला सापडेना. दुधावर? डब्यावर? की इतक्या महिन्यांनी नॉर्मनने दिलेला ‘वाईट नाही’ दुकानातल्या पावडरीला गेला यावर? मिस्टर हॅलम हेच तर सांगत होते. पिशव्या. सारखी चव. धक्का नको.

‘चल,’ ती उठत म्हणाली. ‘हात धू आणि आत ये.’

तिने हाडं पुन्हा टाकली, कांदा पुन्हा परतला, कढईत चिकटलेला मांसाचा रस खरवडून घेतला. अ‍ॅल्विन चमचा घेऊन शेजारी उभा राहिला, परीक्षेला बसवलेल्या मुलासारखा. इतक्या वर्षांत तो या चुलीपाशी असा उभा राहिला नव्हता. तिने त्याला दोनदा बाजूला ढकललं आणि दोनदा पुन्हा ओढून घेतलं.

‘आता?’

‘फिक्की आहे.’

‘फिक्की म्हणजे? मीठ कमी, की रस कमी?’

‘दोन्ही. नाही, मीठ.’

तिने चिमूट टाकली. ‘आता?’

‘जवळ आलंय.’

‘कशाच्या जवळ, अ‍ॅल्विन?’

‘पूर्वीच्या.’ त्याने चमचा चाटला आणि डोळे बारीक केले. ‘थोडा आंबटपणा असायचा ना? शेवटी काहीतरी घालायचीस.’

व्हिनेगर. ती विसरली होती. जीभ नसली की हातही विसरतो, हे तिला आत्ता कळलं. तिने बाटलीतून धार सोडली, आटू दिलं, ढवळलं. खिडकीची काच वाफेने धुरकट झाली. बाहेर उजेड उतरू लागला होता.

‘आता?’

अ‍ॅल्विनने चाखलं. पुन्हा चाखलं. ‘छान,’ तो म्हणाला.

ग्लेनिसचा हात थांबला.

‘तो शब्द नको मला.’

‘मग कुठला हवाय? छान आहे म्हणून छान म्हणतोय.’

‘मार्चपासून म्हणतोयस.’

‘तेव्हा नव्हती. आता आहे.’

‘आणि मला कसं कळायचं?’

त्याने उत्तर शोधलं. तो खरंच शोधत होता, हे तिला दिसलं. मग त्याने चमचा सिंकमध्ये ठेवला आणि दिवे लावायला बाहेर गेला.

सहाला पब पुन्हा उघडला. त्याबरोबरच नॉर्मन आला, दुपारची झोप काढून, चेहऱ्यावर उशीची घडी. मॉस त्याच्या आधी टेबलाखाली शिरला. अ‍ॅल्विनने त्याचा नेहमीचा अर्धा ग्लास भरायला घेतला. ग्लेनिस बशी घेऊन स्वतः बाहेर आली. बशीत पावाचा जाड काप, शेजारी चंबू. एप्रन बांधून ती बारच्या या बाजूला कधी यायची नाही, म्हणून मागोमाग येऊन शेकोटीपाशी बसलेल्या मिसेस पर्विसनी चष्मा वर केला.

‘हे काय आणलंस?’ नॉर्मन म्हणाला. ‘मी जेवलोय की तुझ्याचकडे.’

‘जेवणात होती ती ग्रेव्ही माझी नव्हती. डब्यातली होती.’

बारमागे नळ बंद झाला. मिसेस पर्विसनी मासिकाचं पान उलटलं, ते न वाचता परत उलटलं.

‘असं होय,’ नॉर्मन म्हणाला.

‘ही माझी आहे. माझी आणि अ‍ॅल्विनची. मला चव कळत नाही, नॉर्मन. तुम्हाला कळून चुकलं असेलच. उद्या सकाळी नऊला कंपनीचा फोन येणार आहे. त्याला काय सांगायचं ते या बशीवर आहे. छान म्हणू नका.’

म्हाताऱ्याने टोपी काढून टेबलावर ठेवली. चारचौघांत असं तोंडावर विचारलेलं त्याच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. त्याचे कान लाल झाले. ‘अवघड करतेस, पोरी,’ तो पुटपुटला.

‘हो.’

त्याने पावाचा तुकडा मोडला, चंबूतली ग्रेव्ही बशीत ओतली, तुकडा तिच्यात दाबला आणि पूर्ण भिजू दिला. मग तोंडात घातला. सावकाश चावला, नजर शेकोटीकडे. लिलावात बोली थांबली की तो असाच दिसायचा, चेहऱ्यावर काहीही नाही. गिळलं. बिअरचा घोट घेतला.

अ‍ॅल्विन बारवर हात टेकून उभा होता. ग्लेनिसने एप्रनचा कोपरा मुठीत धरला होता.

नॉर्मनने दुसरा तुकडा मोडला आणि ग्रेव्हीत बुडवला. टेबलाखाली मॉस उठून बसला, कान ताठ, नाक वर. नॉर्मनच्या हातातल्या तुकड्यावरून एक थेंब बशीत पडला. हात अजून टेबलाच्या वरच होता.